कामादोच्या छपरावरचा रडका सिंह

सकाळपासून कामादोच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना वर. छपराच्या आढ्याला पाठ टेकून बसलेल्या चुन्याच्या सिंहाच्या दोन्ही डोळ्यांतून तांबडं पाणी गळत होतं. पाऊस काल पडून गेला होता. आज आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"रक्त!" गर्दीतून कुणी ओरडलं, आणि एका म्हातारीने तिथल्या तिथे बसकण मारली.

तो सिंह कामादोच्या नवऱ्याने, सानराने, घराच्या राखणीसाठी, घर बांधताना उरलेली फुटकी कौलं आणि चुना घेऊन स्वतःच्या हाताने केला होता. आतून पोकळ, तोंडाने जरा वाकडा. सानराला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

काळा चष्मा लावलेले तोकुमोरी गुरुजी बेटावरच्या नाहा शहरातून खास आले होते. त्यांना मेलेल्यांचं बोलणं ऐकू येई. जिवंत माणसाचं मात्र दोनदा सांगावं लागे.

"सानरा आलाय!" गुरुजी चष्मा काढून, डोळे मिटून डोलले. "सिंहाच्या देहात बसलाय. म्हणतो, माझी कामादो, माझी कामादो! तुझ्या आठवणीने रक्त गाळतोय, बाई."

सत्तरी ओलांडलेली कामादो लाजून चूर झाली. शेजारणीच्या कानाला लागली, "अगं, माझं बोट कापलं तेव्हा हा माणूस म्हणाला होता, मासळीला रक्त लागू देऊ नकोस. आणि आता बघ!"

डुकराच्या मांसाचा रस्सा तीनदा वाढून घेतल्यावर गुरुजींनी हुकूम सोडला. छपराला कुणी हात लावायचा नाही. हात लावला तर सानराच्या डोळ्यात बोट गेलंच समजा. आणि कामादोने बरोबर त्या सिंहाखाली झोपायचं.

कामादोने त्याच रात्री अंथरूण तिथे हलवलं.

सून नाबे मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. नवरा बोटीवर गेलेला, घर तिच्यावर. "आई, अंथरूण काढा तिथून. वरच्या वाशात मी सुरी टोचली. टोफूत जावी तशी गेली."

"तुला सासऱ्याचं प्रेम बघवत नाही."

"वळचणीखाली तांबडा चिखल साचतो. तोही प्रेमाचाच का? कौलांखालची माती आहे ती."

"पाऊस काल झाला. मग आज कुठून येईल पाणी?"

"तांदूळ धुवून चाळणीत ठेवता तुम्ही. थेंब लगेच थांबतात का?"

कामादो रागावली. अंथरुणावर उताणी होऊन वर बघत पडली. जन्मभर न मिळालेलं काहीतरी आता डोक्यावर बसलं होतं. ते कोण सोडील?

दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं की मोठं वादळ बेटाच्या रोखाने निघालंय. नाबे हादरली. ते कुजकं छप्पर वादळात म्हातारीच्या छातीवर येणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

गुरुजी वादळाच्या शांतीसाठी आले. गर्दी जमली. "बघा, सानरा वादळाला भ्यायला नाही! तुमच्यासाठी रडतोय, रक्त..." आणि ते थांबले.

सिंह पिवळं रडत होता. हळदीसारखं पिवळं.

पुढचे लोक दोन पावलं मागे सरकले.

"अं... पित्त!" गुरुजी सावरले. "वियोगाने पित्त खवळलं. पूर्वजाला कावीळ झाली आहे!"

कामादोने कमरेवर हात ठेवले. "काय हो गुरुजी, मेल्यावर कावीळ होते?"

"काय?"

"मेल्यावर! कावीळ! होते का?"

गर्दीत पहिल्यांदा हसू फुटलं. तेवढ्यात आढ्यामागून नाबेचं डोकं वर आलं. हातात चहाची किटली.

"हळदीचं पाणी आहे!" ती वरून ओरडली. "आढ्याचा चुना फुटलाय, त्या भेगेत ओतलं. आतल्या वाटेने सिंहाच्या पोकळ डोक्यात उतरतं आणि डोळ्यांतून बाहेर येतं. तेव्हा पाऊस ओतत होता, आज मी. गुरुजी, आता कोणता रंग हवा?"

गुरुजींना एकदम सगळं नीट ऐकू येऊ लागलं होतं. ते फाटकापर्यंत पोचलेसुद्धा.

कामादो मात्र हसली नाही. "म्हणजे तो माझ्यासाठी रडत नव्हता," ती हळूच म्हणाली.

नाबे शिडी उतरून जवळ आली. "नाही, आई. पण छप्पर त्यांनी तुमच्यासाठीच घातलं होतं. ते तरी वाचवू."

शेजाऱ्यांनी कौलं उतरवली. खालची माती धुपून गेली होती, वासा हाताने मोडत होता. नवा वासा घातला, माती भरली, भेगा चुन्याने लिंपल्या. चुना वाळायला वेळ नव्हता, म्हणून वरून मासळीचं जाळं ताणून दगडांनी बांधलं.

वादळ आलं, दोन नारळी पाडून गेलं. कामादोचं घर उभं राहिलं. सिंहाचे डोळे कोरडे ठक्क.

"जिवंतपणी होता तसाच," कामादो म्हणाली आणि मनापासून हसली.

आता कुणी नवल बघायला आलं की ती त्याला अंगणात बसवते आणि खडसावते, "कौलांत गवत उगवलंय? चुना तडकलाय? आढं मधेच खचलंय? वळचणीखाली तांबडा चिखल पडतोय? मग मेलेल्याला कशाला विचारतोस? तुला डोळे आहेत, हात आहेत. शिडी लाव आणि वर चढून बघ!"