सहाव्या डावातला पक्षी

बेसबॉलच्या मॅचला निघायच्या आदल्या रात्रीच बर्निस झेलिन्स्की तीन पेन्सिली सुरीने तासून ठेवायची. पेन्सिलीच्या यंत्राने टोक लांब येतं आणि तिसऱ्या डावातच मोडतं, असं तिचं म्हणणं. मैदानात सुरी नेऊ देत नाहीत, म्हणून तीन. सत्तेचाळीस वर्षं तिने असाच स्कोअर लिहिला होता. प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन, आणि चौकोनात त्याचं काय झालं ते. तिच्या वहीत एकही चौकोन कधी रिकामा राहिला नव्हता.

तिच्या नवऱ्याच्या वह्या मात्र रिकाम्या चौकोनांनी भरलेल्या असायच्या. क्लेम माणूस लाख मोलाचा, पण लक्ष एका जागी ठरेल तर शपथ. मिलवॉकीचं मैदान तेव्हाही आणि आताही तळ्यापासून फार लांब नाही, आणि मॅच निम्मी सरली की सीगल पक्षी लोकांनी सांडलेलं खायला उतरतात. क्लेम त्यांच्याकडे बघत बसायचा. मग चुकलेल्या चौकोनात पंख पसरलेला एक चिमुकला पक्षी काढून मोकळा.

"पक्षीच बघायचे होते तर तळ्यावर बसायचं होतंस. तिथे तिकीट लागत नाही," बर्निस म्हणायची.

"तिथे तू नसतेस ना ओरडायला," क्लेम म्हणायचा.

कागदी लीग त्यानेच काढली. तो स्वतः, दारूच्या कारखान्यातले चार मित्र, चर्चचे फादर आणि आणखी दोघे, असे आठ जण. मार्चमध्ये एका टेबलाभोवती बसायचं, देशभरातले खरे खेळाडू वाटून घ्यायचे आणि प्रत्येकाने आपला कागदावरचा संघ बांधायचा; जुना खेळाडू ठेवायचा तर ठेवता यायचा. मग उन्हाळाभर ते खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण ज्याचे त्याला. आता याला फँटसी लीग म्हणतात आणि बेरीज फोन करतो. तेव्हा सकाळच्या पेपरातले बारीक आकडे घेऊन बर्निसच्या स्वयंपाकघरात बेरजा चालायच्या. पेपर कधी चुकीचं छापायचा, कधी पश्चिमेकडची उशिरा संपलेली मॅच छापायचाच नाही. म्हणून क्लेमने नियम केला होता: वाद झाला तर ज्याने मैदानात बसून, घडताक्षणी वहीत लिहिलं असेल, त्याची वही खरी. मागाहून लिहिलेलं चालणार नाही.

दुसरा नियम कारखान्यातल्या मित्रांपैकी नॉर्ब शुल्त्सचा. ओळीने तीन वर्षं शेवटचा नंबर आला की खुर्ची सोडायची, बाहेर ताटकळत असलेल्याला बसू द्यायचं. त्या उमेदीच्या वयात तो सगळ्यांना गमतीचा वाटला होता.

क्लेम जाऊन तीन वर्षं होत आली. त्याच्या खुर्चीवर बर्निस बसली आणि पहिली दोन्ही वर्षं शेवटची आली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. क्लेमने शेवटच्या मार्चमध्ये घेतलेला डेल ह्यूबर नावाचा, चेंडू टाकणारा डावखुरा पिचर ती सोडायलाच तयार नव्हती. ह्यूबर आता एकोणचाळीस वर्षांचा होता आणि त्याचे चेंडू, नॉर्बच्या भाषेत सांगायचं तर, टपालाने यायचे.

यंदाचं हे तिसरं वर्ष, आणि सप्टेंबरमधला शेवटचा रविवार. तिच्या खाली फक्त फादर स्टॅन होते. त्या दुपारी ह्यूबर घरच्या मैदानावर खेळणार होता. तो बरा खेळला तर बर्निसची खुर्ची राहणार, नाहीतर जाणार. खुर्ची म्हणजे तरी काय, मार्चमधली एक संध्याकाळ आणि उन्हाळाभर येणारे फोन. पण क्लेम गेल्यापासून तिच्या घरी फोन वाजायचा तो याच सात जणांचा.

नॉर्ब तिला गाडीतून घेऊन गेला. पाच डाव ह्यूबरने देवाची करणी म्हणावी असे काढले. सहाव्यात दोन फलंदाज बाद झाले, पण आणखी दोघे अधल्यामधल्या तळांवर येऊन उभे राहिले. नॉर्ब उठला.

"आत्ता कुठे?" बर्निस म्हणाली.

"सॉसेज आणायला. याचं पिचिंग बघताना माझ्या पोटात खड्डा पडतो. तुला मोहरी जास्त?"

तो गेला आणि उजव्या बाजूच्या गवतावर पहिला सीगल उतरला. पाठोपाठ दुसरा, मग एकदम वीसेक. उन्हाची तिरीप त्यांच्या पंखांखालून येत होती. वर्षानुवर्षं ते तिथेच उतरत होते आणि बर्निसने त्यांच्याकडे कधी मान वळवली नव्हती. क्लेम इतकं काय बघायचा, म्हणून ती बघत राहिली. एक पक्षी वाऱ्यावर नुसता तरंगत होता, पुढेही जात नव्हता आणि खालीही येत नव्हता.

चेंडू बॅटवर आदळल्याचा आवाज आला. लोक ओरडले. ती वळेपर्यंत चेंडू शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या तळांमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, मागे गवतात लोळत होता आणि दोन्ही माणसं घरच्या तळावर पोचली होती. दोन धावा. क्षेत्ररक्षकाच्या हातातून सुटला की त्याच्या आवाक्याबाहेरच होता? फलकावर अधिकृत निकाल आला: हिट; फलंदाजाचा फटका, क्षेत्ररक्षकाची चूक नव्हे. म्हणजे दोन्ही धावा ह्यूबरच्या माथी.

बर्निसने चौकोनाकडे पाहिलं. तिने न पाहिलेलं कधी लिहिलं नव्हतं. हात आपसूक चालला आणि चौकोनात पंख पसरलेला एक पक्षी उमटला. क्लेमच्यापेक्षा जरा जाडच झाला.

परत निघाल्यावर गाडीतच टेसाचा फोन आला. टेसा नॉर्बची पुतणी, दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि हौसेने लीगचे हिशेब बघायची. खुर्ची रिकामी व्हायची वाट बघणाऱ्यांत पहिला नंबर तिचाच.

"मिसेस झेड, तुम्ही एका गुणाने मागे आहात," टेसा म्हणाली. आवाज पडलेला होता. "पण त्या शॉर्टस्टॉपच्या चेंडूवरून सगळे भांडतायत. मी फोनवर दहा वेळा पाहिला. क्षेत्ररक्षकाची चूक धरली तर धावा ह्यूबरच्या नावावर जात नाहीत, मग तुम्ही तीन गुणांनी पुढे. फादर म्हणतात, तुमची वही बघू."

"चूकच होती ती! माझ्या आत्याने ओच्यात झेलला असता," नॉर्ब म्हणाला.

"काका, तुम्ही सॉसेजच्या रांगेत होतात," टेसा म्हणाली आणि फोन ठेवला.

नॉर्बने गाडी पेट्रोल पंपावर घेतली. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, हे काट्यावरून बर्निसला दिसत होतं.

"वहीत काय आहे ते मी विचारत नाही," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "टेबलावर विचारणार. काच पण पुसून घेतो जरा. दहा मिनिटं लागतील."

"टेसा तुझीच पुतणी ना रे?"

"तिला आयुष्य पडलंय," नॉर्ब म्हणाला आणि उतरला.

बर्निसने मांडीवर वही उघडली. पेन्सिलीच्या मागे खोडरबर होतं; सत्तेचाळीस वर्षांत असं खोडरबर तिने क्वचितच वापरलं होतं. पक्षी पुसायला एकदा घासलं की पुरे. मग चुकीच्या खुणेचं एक अक्षर, एक आकडा. कुणालाही पत्ता लागला नसता. टेसानेही दहा वेळा बघून चूकच म्हटली होती, म्हणजे खोटं तरी कसं म्हणायचं? तिने खोडरबर पक्ष्याच्या पंखावर टेकवलं.

पण ती ज्या खुर्चीसाठी हे करणार होती ती क्लेमची होती, आणि क्लेमने आपला एकही पक्षी कधी पुसला नव्हता. वादात हरायची पाळी आली तेव्हाही नाही. त्याच्या त्या पक्ष्यांपायी एका वर्षी पहिला नंबर हुकला, तेव्हा आठवडाभर बोलली नव्हती ती.

बाहेर नॉर्ब तीच काच चौथ्यांदा पुसत होता. तिने वही मिटली आणि काचेवर टिचकी मारली.

कोपऱ्यावरच्या बारमध्ये बटाट्याची धिरडी आली होती, वर सफरचंदाचा गोड लगदा. टेबलाभोवती सगळे जमले होते. फादर स्टॅन कुणाचीही पापं मोठ्या मनाने माफ करायचे, पण खेळाडूंच्या अदलाबदलीत त्यांना कधी दया आली नव्हती. आज मात्र तेच घसा साफ करून म्हणाले, "बर्निसबाई, मला शेवटचं यायला काही हरकत नाही. शेवटच्या नंबराचं माझं हे पहिलंच वर्ष, खुर्ची काही जात नाही. काय लिहिलंय सांगा आणि मोकळ्या व्हा."

बर्निसने वही उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली. नॉर्ब चष्मा सावरत वाकला.

"हे काय?"

"पक्षी."

"ते दिसतंय. म्हणजे?"

"म्हणजे मी बघत नव्हते."

नॉर्ब हसायला लागला तो थांबेचना. "क्लेमचा पक्षी! बर्निस झेलिन्स्की बघत नव्हती! अगं, लग्नात माझ्या मावशीने चमचा चोरला तो तुला दिसला होता!" हसता हसता त्याने डोळे पुसले आणि ते पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.

"एखादा शब्द लिहायला काय झालं होतं?" तो शेवटी हळूच म्हणाला. "मी काच पुसून पुसून झिजवली."

"अधिकृत निकाल हिट. तोच राहील," बर्निस म्हणाली. "टेसा, इकडे ये. ही खुर्ची घे."

टेसा अवघडून बसली. खुर्ची घेणाऱ्याला खुर्चीचा संघही मिळतो. तिने फोनवर नावं पाहिली, मग चोरटेपणाने बर्निसकडे.

"मिसेस झेड, एक विचारू? ह्यूबरला ठेवायलाच हवं का?"

टेबलावरचे सगळे धिरड्यांकडे बघू लागले.

"सोड त्याला," बर्निस म्हणाली. "मी दोन वर्षांपूर्वीच सोडायला हवा होता." तिने एक धिरडं आपल्या बशीत ओढलं. ते गार झालं होतं, तरी ती चवीने खाऊ लागली. "नॉर्ब, एप्रिलच्या पहिल्या मॅचची दोन तिकिटं काढ. उजव्या बाजूची."

"तिथून काही धड दिसत नाही."

"मला हवं ते दिसतं. आणि सहाव्या डावात सॉसेजला उठायचं नाही. मॅचकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं."