कोठीतली घाण

"ताई, कॉम्प्युटरचं अपडेट पुन्हा अडकलं बघा. तुमच्या कोठीत जागा नाही म्हणतंय!" बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर फोनवर वैतागली होती.

जागा नाही? ताईंना पटेना. रुग्णालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर लिनक्स होतं आणि इंटरनेटची लाइन मरतुकडी. प्रत्येकाने तेच सॉफ्टवेअरचं पॅकेज बाहेरून उतरवायला घेतलं, की तपासण्यांचे रिपोर्ट ताटकळायचे. म्हणून ताईंनी जिन्याखालच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. त्याने एकदाच उतरवून साठवायचं, बाकीच्यांनी इथल्या इथे त्याच्याकडून घ्यायचं. सगळे त्याला कोठी म्हणत आणि त्यांना कोठीवाली ताई. त्यांना ते आवडायचं.

कोठीत पॅकेजच्या ढिगाआड एक अनोळखी फोल्डर डिस्क गिळून बसलं होतं. त्यांनी त्यातली एक व्हिडिओ फाइल उघडली.

सिस्टरांची कपडे बदलायची खोली. छताजवळून चोरून टिपलेली. गणवेशाची बटणं सोडणारी मुलगी मान वळवते... आत्ता फोनवर बोललेलीच.

ताईंनी झटकन फाइल बंद केली.

कोठीचा पासवर्ड त्यांच्याखेरीज फक्त सहायकाला ठाऊक होता. त्याला हे काम त्यांनीच हात धरून शिकवलं होतं. ताईंनी बोलावल्यावर तो आला, पडद्यावरचं ते फोल्डर त्याने पाहिलं आणि तो ओशाळंसं हसला.

"तुम्ही उघडायला नको होतं, ताई."

"किळस नाही वाटली तुला?"

"अहो, हात थोडाच लावलाय कुणाला? नुसतं बघायला..."

"ताई म्हणू नकोस मला."

तो जवळ सरकला तशा त्या खुर्चीसकट मागे झाल्या.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं, पंख्याचा वेग वाढवला. "पुसून टाका. त्याला दुसरीकडे पाठवतो. उगाच मुलींचीच बदनामी, नाही का?" त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ताईंना त्या ग्लासाला बोट लावावंसं वाटलं नाही.

त्या थेट वॉर्डात गेल्या. सिस्टरला बाजूला घेतलं आणि सांगितलं. ती बराच वेळ हातातला चार्ट सरळ करत राहिली.

"पुसलं नाही ना?"

"नाही."

"मग चला. मीही येते चौकीवर."

पोलीस सहायकाला घेऊन गेले, कोठीही घेऊन गेले. व्यवस्थापक ताईंशी बोलेनासे झाले. आता जो तो कॉम्प्युटर आपापलं बाहेरून ओढायचा, रिपोर्ट रखडायचे आणि खालचे डॉक्टर कुरकुरायचे, "तुमची कोठी कधी येतेय हो?"

एके दिवशी ताई काही कामाने वर वॉर्डात आल्या. कपडे बदलायच्या खोलीला अजून पोलिसांचं कुलूप होतं. व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर चादरींचा आडोसा धरून उभ्या होत्या, आत कुणीतरी गणवेश चढवत होतं. एका चादरीचं टोक निसटत होतं.

ताईंनी ते धरलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.