नजरेच्या टप्प्यात

"एवढंच सांगायचं," सभागृहाच्या दारात हरीशराव शीतलला म्हणाले, "ड्रोन कायम नजरेसमोर पायजे, हा नियम आपल्याकडं चालत न्हाई. तू लायसनवाली पोरगी हायेस. साहेब लोक ऐकतेत तुझं."

"बराबर हाय, मालक."

ड्रोन उडवण्याचे नियम इतर देशांच्या नियमांशी जुळवायचे, म्हणून दिल्लीचे अधिकारी हिंगोलीत हरीशरावांसारख्या ड्रोनने पिकांवर औषध फवारणाऱ्या धंदेवाल्यांचं म्हणणं ऐकायला आले होते. गाडी एकाच कलमावर अडली होती. उडवणाऱ्याला ड्रोन सतत डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि खाली माणूस असता कामा नये.

"ऊस डोक्याच्या वर जातो, साहेब," हरीशराव उठून म्हणाले. "पलीकडचं कसं दिसन? परदेशातले नियम परदेशातच ठेवा."

टाळ्या पडल्या. शीतलनेही वाजवल्या.

गेल्या वर्षी हट्टा गावाच्या शिवारात तिचा थोरला भाऊ भीमराज हळद काढत होता. शेजारच्या उसाआडून हरीशरावांनी गाडीत बसूनच ड्रोन सोडला. तो उसाच्या पलीकडे भरकटला आणि त्याचं पातं भीमराजच्या उजव्या डोळ्यातून गेलं. 'पिऊन मधी आला,' असं हरीशरावांनी पोलिसांना सांगितलं. भीमराजने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. प्रकरण तिथंच मिटलं.

शीतलने मग ड्रोनचं लायसन काढलं आणि थेट हरीशरावांकडेच काम मागितलं. आपल्या दारात वाकली म्हणून ते खूश झाले. वस्तीतल्या बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती सगळं गिळून होती. कधीतरी, चार मोठ्या माणसांसमोर, हरीशराव स्वतःच तिला बोलायला उभं करतील, एवढ्यावर तिने वर्ष काढलं होतं.

"आमची शीतल सांगन आता," हरीशराव म्हणाले.

ती उठली. "हा नियम पायजेच," ती म्हणाली. "मालक आमाला ड्रोन नजरेआड उडवाया लावतेत. मी बी उडवलाय. खाली माणसं असताना उडवलाय. माझ्या भावाचा डोळा त्यांनीच असा घेतला. प्रत्येक उड्डाण मशीनमधी नोंदलेलं हाय, काढून पाहा."

हरीशराव अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

अधिकारी मॅडमनी चष्मा काढला. "चौकशीत तुमचंही लायसन जाईल, कळतंय ना?"

"जाऊ द्या."

संध्याकाळपर्यंत हरीशरावांचे सगळे ड्रोन चौकशी होईस्तोवर जप्त झाले. शीतलचं लायसनही तोवर काढून घेतलं.

ती हट्ट्याला आली तेव्हा भीमराज हळद शिजवणाऱ्या कढईपाशी जाळ घालत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने जाळात आणखी एक लाकूड सारलं.

"मी म्हणलो व्हतो का तुला?"

"न्हाई."

"मंग काहून केलंस? चांगलं चाललं व्हतं तुझं."

एवढं झाल्यावर मन निवेल असं तिला वाटलं होतं. ते अजून तसंच धगधगत होतं. ती खाली बसली आणि जाळात उसाचं वाळलेलं पाचट सारू लागली.

भीमराजने पूर्ण मान वळवून एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"तोंड कसं झालं व्हतं त्याचं?"

"पांढरं पडलं. व्हट हालून राहिले व्हते, पण शबूद न्हाई. खुर्चीचा हात घट्ट धरला व्हता."

"लोक पाहून राहिले व्हते?"

"सगळे."

भीमराजने हातातलं लाकूड बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ सरकून बसला.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."