शिफ्टचा फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. शाळेतला नव्हे, कारखान्यातला. अंबरनाथच्या एमआयडीसीत स्क्रू बनवणाऱ्या एका कंपनीच्या फाटकाशी, टाइम ऑफिसच्या भिंतीवर मी अठ्ठावीस वर्षं टांगलेला होतो. परदेशातून आलेल्या मशीनच्या खोक्याच्या फळ्या जोडून कोंडाजी सुताराने मला बनवलं, काळा रंग दिला आणि माथ्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द काढला : शिफ्ट.

दर शनिवारी टाइमकीपर भीमराव माझ्यावर खडूने नावं लिहीत. पुढच्या आठवड्यात कोण सकाळी, कोण दुपारी, कोण रात्री. लोक माझ्यापुढे उभे राहून आपलं नाव शोधत आणि त्यावरून दवाखान्याच्या वेळा, पाहुण्यांची बोलावणी, गावी जाण्याचे दिवस ठरवत. कुणी काही नवीन सांगितलं की बाकीचे विचारत, "फळ्यावर आलंय का?" आलं असेल तर ते खरं. मला त्याचा फार अभिमान होता.

भीमराव बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहत. त्यांची मुलगी मैत्रेयी उल्हासनगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होती. सरांनी प्रत्येकाला रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घेऊन त्याचं मूळ आणि अर्थ शोधायला सांगितले होते. तिने घेतला शिफ्ट, आणि एका दुपारी वही घेऊन माझा फोटो काढायला आली.

"पप्पा, हा शब्द हजार वर्षांपेक्षा जुना आहे," ती म्हणाली. "आधी त्याचा अर्थ होता वाटणी करणं. ज्याचं त्याला वाटून देणं."

"मग मी पण तेच करतो," भीमराव म्हणाले. "रात्रपाळी सगळ्यांना सारखी वाटतो."

"नंतर झालं बदलणं. कपडे बदलणं म्हणजे पण शिफ्ट. त्यावरून बायकांच्या आतल्या झग्यालाच शिफ्ट म्हणायला लागले."

पॅकिंगमधल्या विठाताई कार्ड पंच करायला आल्या होत्या. कायमच्या सेकंड शिफ्टवाल्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "अगो बाय, म्हंजे मी वीस वरसं सेकंड झगा घालतेय!"

मैत्रेयीलाही हसू आवरेना. मग वहीत बघत ती म्हणाली, "पुढे मग आपली ड्युटीची पाळी. कीबोर्डवरचं बटण. घर शिफ्ट करणं. आणि एक अर्थ असा पण आहे पप्पा... युक्ती. चकवा. लबाडी."

भीमरावांनी चष्मा काढून पुसला. "तो नको लिहूस. आपल्या फळ्यावर तसलं काही नसतं."

तिने तरीही लिहिला. खरं सांगतो, मला तिचा राग आला होता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मॅनेजर नरेंद्र साहेब स्वतः टाइम ऑफिसात आले. एरवी ते शिपायाला पाठवत. त्यांनी भीमरावांच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : प्लांट शिफ्ट, पंधरा मे.

"साहेब, कुठली शिफ्ट? पहिली की दुसरी?"

साहेबांनी एकदा चिठ्ठीकडे, एकदा भीमरावांकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "पहिलीच लिहा. सगळ्यांना एकदम. बुद्धपौर्णिमेला जोडून चार दिवस सुट्टी द्या, मशीनची सफाई करायची आहे."

भीमरावांनी आपल्या सुंदर अक्षरात माझ्यावर लिहिलं : 'पंधरा मेपासून सर्वांना पहिली शिफ्ट.'

विठाताई कितीतरी वेळ माझ्यासमोर उभ्या होत्या. "भाऊ, म्हंजे मी सांजचं घरी? पोरांसंगं जेवायला?" भीमराव हसून म्हणाले, "फळ्यावर आलंय ना!"

मित्रांनो, त्या चार दिवसांत मी सगळं पाहिलं. भरदिवसा क्रेन आली, ट्रेलर आले. ज्या मशीनच्या आवाजाने माझी खिळ्यावरची फळी थरथरत असे, ती मशीनं ताडपत्रीखाली बांधून एकेक माझ्यासमोरून बाहेर गेली, दुसऱ्या राज्यात. आणि माझ्या अंगावर लिहिलेलं होतं की सर्वांनी पहिल्या शिफ्टला या.

पंधरा तारखेला पावणेसातला सगळे आले. विठाताईंनी नवीन साडी नेसली होती. आत रिकामी शेड होती. जमिनीत बोल्ट उपटल्याची भोकं आणि त्यांत साचलेलं तेल.

मशीनवरचा सुजित भीमरावांच्या अंगावर धावून आला. "तूच लिहिलंस ना हे? तुला माहीत होतं!"

भीमरावांनी चिठ्ठी काढून दाखवली. सुजितने ती वाचली आणि जास्तच भडकला. "इथे तर सरळ लिहिलंय, प्लांट शिफ्ट! तुला वाचता येत नाही?"

तेवढ्यात वॉचमन ओलं फडकं घेऊन माझ्याकडे आला. साहेबांनी फोनवरून मला पुसायला सांगितलं होतं. विठाताई मध्ये उभ्या राहिल्या. "हात लावशील तर बघ! आमच्याकडं लिवलेलं एवढंच हाय." त्यांनी माझ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधलं आणि मला रिक्षातून हेंद्रेपाड्याला भीमरावांच्या घरी पोचवलं.

कामगार कोर्टात सुनावणी झाली तेव्हा मलाही नेलं. साहेबांनी चिठ्ठीची प्रत जपून ठेवली होती. कंपनीचे वकील म्हणाले, "प्लांट हलणार हे आम्ही आधीच कळवलं होतं. टाइमकीपरने अर्थ चुकीचा लावला." साहेब बाजूलाच बसले होते. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ज्या भीमरावांना त्यांनी स्वतः शाल दिली होती, त्यांच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

न्यायाधीशांनी माझ्यावरची ओळ मोठ्याने वाचली. "हे कोणी लिहिलं?"

"मी," भीमराव उठून म्हणाले. "कुठली शिफ्ट, असं साहेबांना विचारूनच लिहिलं. त्यांनी पहिली म्हणून सांगितलं."

न्यायाधीशांनी साहेबांना विचारलं, "कारखानाच राहणार नव्हता, तर लोकांना पहिल्या शिफ्टला कुठे बोलावलं होतं?"

साहेब वकिलांकडे पाहू लागले. निकाल कामगारांच्या बाजूने लागला. बाहेर पायरीवर सुजित खाली मान घालून म्हणाला, "काका, चुकलो मी. चला, चहा घेऊ." भीमराव म्हणाले, "तू हो पुढे."

कंपनी वरच्या कोर्टात गेली आहे. विठाताई आता उल्हासनगरला जीन्सचे धागे कापतात, रात्री नऊपर्यंत. भीमराव घरीच असतात. मला त्यांनी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे.

मित्रांनो, शब्दाला पुष्कळ अर्थ असतात, त्यात शब्दाचा दोष नाही. तुमचा शब्द ऐकून कुणी आनंदाने घरी निघालं, तर त्याला नेमकं काय कळलं ते एकदा विचारा. आणि चुकीचं कळलं असेल, तर त्याला हाक मारून परत बोलवा.

माझ्यावरची ओळ अजून तशीच आहे. तो पुरावा आहे, पुसता येत नाही. वरच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मला ते खोटं अंगावर जपायचं आहे.