झेंड्याखालचा नळ

साहेब, खालच्या वस्तीत पाइपच नाही असं तुम्ही वर लेखी कळवलंत. ते खोटं आहे. पाइप आहे. कसा सापडला ते तुम्हाला माहीत आहे, पण गावातल्या बाकीच्यांनाही कळावं म्हणून लिहितो. मी देवमन, पाणीखात्यातला खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा मदतनीस, राहणारा त्याच वस्तीतला.

बासष्ट साली वस्तीला नळ द्यायचा हुकूम आला. तुम्ही फिटर श्रावणला बोलावून वरच्या गल्लीच्या तोंडाशी बोट दाखवलंत. "इथून फोड आणि जोड." श्रावण आमच्याच वस्तीचा, बडनेऱ्याला रेल्वेत काम शिकलेला. त्यानं नकाशा मागितला. नकाशा नव्हता. लाइन इंग्रजाच्या काळातली, टाकणारे मेले.

"मंग आधी कोनती लाइन कुठं जाते ते पाहू द्या, साहेब. न पाहता फोडलं तं कोनाचं पानी तुटन, सांगता येत नाई."

"पाहायचं काय त्यात?" तुम्ही म्हणालात.

तरी त्यानं पाहिलं. एक वॉल बंद करायचा आणि कोणाच्या घरचं पाणी गेलं ते दारोदार विचारायचं. शिव्या खाल्ल्या. गल्लीतल्या गोदावरीकाकू, वकिलांच्या विधवा, दारात येऊन ओरडल्या, "कोण मेला पाणी तोडतोय?"

"मी, काकू, श्रावण. कोनतं गेलं?"

"अंगणातलं. फुलझाडांचं."

"अन् मोरीतलं?"

"मोरीतलं येतंय की धो धो."

श्रावण तिथंच उकिडवा बसला. "देवमन, एका घरात दोन नळ, अन् दोन येगळ्या लाइनीवर. फुलझाडासाठी कोनी येवढा जाड पाइप टाकत नाई. ही लाइन पुढं कुठंतरी चालली होती."

त्यानं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार घेतली, एक टोक पाइपावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं. वॉल बंद, म्हणजे काही ऐकू यायला नको. पण येत होतं. मलाही ऐकवलं. खट्. खट् खट्. थोडं थांबून परत खट्.

"पानी असं वाजत नाई," तो म्हणाला.

उताराच्या अंगानं चालत आम्ही वस्तीच्या चौकात आलो. चौकात मांडीइतकं उंच लोखंडी नळकांडं आहे. इंग्रजाच्या हद्दीची खूण, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आत बांबू, बांबूवर निळा झेंडा. वारा सुटला होता आणि बांबू लोखंडावर आपटत होता. खट्. खट् खट्.

मी बांबू घट्ट धरून उभा राहिलो. श्रावण पळत काकूंच्या अंगणात गेला. तिथं सब्बल कानाला लावली, तर आवाज बंद. ठरल्याप्रमाणे मी बांबू सोडला. तिकडे आवाज सुरू.

"म्हंजे आपन आपल्याच नळात झेंडा रोवला!" परत येऊन तो हसत सुटला. चौकात बसलेले वस्तीतले म्हातारे डोमाजीबाबा हसले नाहीत.

"झेंड्याले हात लावाचा नाई. छप्पन साली नागपूरहून आलो तवा म्या सोता रोवला."

"बाबा, आत पाहा तं लागन."

"काहून? सायबानं तुले जोडाले सांगितलं, जोड. झेंडा काहून काढतं?"

त्यांची सून जाईबाई घागर घेऊन विहिरीकडे निघाली होती. थांबली. "मामाजी, तुमी हातात धरून उभे राहा न. झेंडा उभाच राहीन. माही कंबर मोडून राहिली, त्याचं काई नाई का?"

बाबा बडबडत उठले, बांबू स्वतः उपसला आणि खांद्याशी धरून उभे राहिले.

पाइप अखंड, तरी पाणी गल्लीच्या खाली येत नव्हतं, म्हणून आम्ही गल्लीच्या तोंडाशी खणलं. दोन पाइपांच्या सांध्यात एक गोल लोखंडी चकती घातलेली, बोल्ट करकचून आवळलेले. चकती आपोआप सांध्यात जात नाही, साहेब. ती काढली, सांधा आवळला, वॉल उघडला. चौकातलं नळकांडं खोकलं, लाल चिखल ओकलं, मग पाणी आलं. बाबांचं धोतर भिजलं. "आता रोवू कुठं?" ते विचारत होते. जाईबाईनं घागर लावलीसुद्धा.

लाइन मुळात वस्तीसाठीच होती. वरच्यांनी वाटेत बागेचे नळ जोडले आणि जोर कमी पडू नये म्हणून खाली चकती ठोकली. श्रावणनं हे ओळखलं, म्हणून नुसतं पाणी सोडून तो मोकळा झाला नाही. वेळ वाटून दिली: सकाळी गल्लीच्या बागा, दुपारी वस्ती. मोरीच्या नळांना धक्का नाही. नळकांड्याला तोटी बसवली. गोदावरीकाकू म्हणाल्या, "झाडांना सकाळचं पुरे." हे त्यांनी कचेरीत येऊन तुम्हालाही सांगितलं.

पण गल्लीतले दुसरे लोक तुमच्याकडे चहा पिऊन गेले. तुम्ही श्रावणला म्हणालात, "तुला जोडायला सांगितलं होतं, शोधायला नाही." त्याची लांब जंगलात, धारणीला बदली केलीत. चकती परत घाल म्हणून पाना माझ्या हातात दिलात, मी तो खाली टाकला. मग अकोल्याहून फिटर आणून चकती परत आवळलीत, आणि वर लिहिलंत, पाइप नाही.

डोमाजीबाबांनी झेंडा लिंबाला बांधलाय. नळकांड्यात परत रोवायला ते तयार नाहीत. म्हणतात, "हा नळ हाये." जाईबाई विहिरीला जाण्याआधी रोज तोटी फिरवून पाहते.

पहिल्यांदा चकती कोणी घातली ते मी विचारत नाही, तो मेला असेल. दुसऱ्यांदा तुम्ही घातलीत, ते मी उभा राहून पाहिलंय. काहून घातली? कागदावर नको. चौकात या, त्या तोटीवर हात ठेवा आणि जाईबाईला सांगा.