तिकडचं घड्याळ

"आठ वाजले," तो म्हणाला.

"हो," बायको चपला काढत म्हणाली. "आता काही महिने आठच वाजणार. हिवाळ्यासाठी तिकडचं घड्याळ तासभर मागे केलं. सकाळी सांगितलं ना तुम्हाला?"

सांगितलं होतं आणि त्याने मानही हलवली होती. पण वरच्या मजल्यावरच्या ताई नेहमीसारख्या सातलाच घरी आल्या होत्या. जिन्यात त्यांचा आवाज त्याने स्वतः ऐकला होता. दोघी एकाच कचेरीत कामाला होत्या. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, हे त्यांचं काम. आजवर दोघी सोबत जायच्या, सोबत यायच्या.

"वरच्या ताई सातला आल्या."

"त्यांचा देश वेगळा, माझा वेगळा. त्यांच्या देशात पुढच्या आठवड्यात बदलणार आहे."

"बदलायचंच तर सगळे एकाच दिवशी नाही का बदलणार?"

"ते तिकडच्या सरकारला विचारा. आणि येते तशी जातेही मी तासभर उशिरा."

"ते बघायला मी कुठे असतो घरी?"

ती हसली. तिला ती थट्टा वाटली. त्याला मात्र ते हसणं झोंबलं.

गल्लीत त्याला सगळे दातवाला म्हणत. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो कवळ्या करायचा. प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, पिवळटपासून पांढऱ्यापर्यंत रंगवार लावलेले दात, यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. समोरच्याचा कुठला दात खोटा, हे त्याला रस्त्यापलीकडून कळायचं. त्याचे स्वतःचे पुढचे दोन दात त्याच्याच हातचे होते, त्यामुळे तो हसताना ओठ मिटून हसायचा.

मुलगी लग्न होऊन गेली आणि बायकोने ही नोकरी धरली. तेव्हापासून ती टवटवीत झाली होती. घरी आली की 'आमचे साहेब असं म्हणाले, आमचे साहेब तसं म्हणाले' सुरू व्हायचं. तिने एकदा फोनवर कचेरीतल्या सहलीचा फोटो दाखवला. मधे साहेब उभे होते, तोंड भरून हसत. दातवाल्याने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. सगळे दात स्वतःचे होते. त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं.

आणि आता हा तास. तासाभरात दोन माणसं कुठे कुठे जाऊ शकतात, याचा विचार करता करता त्याने एका म्हातारबाईच्या कवळीत दाढेच्या जागी सुळा बसवला. डॉक्टरांनी कवळी हातात धरून फिरवली.

"आजींना काय शिकार करायचीय का?" त्यांनी विचारलं.

एखाद्या सकाळी घरी थांबला असता, तर बायको तासभर उशिरा निघते हे त्याला डोळ्यांनी दिसलं असतं. पण संशय घेणाऱ्याला पुरावा हवा असतो तो आपल्या बाजूचा. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं त्याचं झालं होतं.

गुरुवारी तो काम अर्धवट टाकून कचेरीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. साडेसहाला बायकांचा घोळका बाहेर पडला. त्यात वरच्या ताई होत्या, बायको नव्हती.

"अगंबाई, भाऊजी! तुम्ही इकडे कसे?"

"ही कुठे आहे?"

"वर आहे की. तिची पाळी साडेसातला सुटते आता."

मैत्रिणी एकमेकींना सांभाळून घेणारच, असं त्याच्या मनाने लगेच सांगितलं. तो सरळ पहारेकऱ्याकडे गेला.

"साडेसहाला सुटणारी बाई साडेसातपर्यंत आत काय करते?" आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ताई जागच्या जागी थांबल्या. त्यांच्यासोबतच्या बायकाही थांबल्या.

पहारेकऱ्याने वर फोन लावला. दोन मिनिटांत बायको धावत खाली आली. कानाला लावायचा हेडफोन अजून तिच्या गळ्यात होता. मागोमाग साहेब आले.

"काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"ठीक आहे. बघायला आलो होतो."

"काय?"

"ही इथे आहे का ते."

घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी नुसतं खाली पाहिलं. त्यांना आपली कीव आली, हे दातवाल्याला कळलं, आणि ते हसले असते तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"आहे," बायको म्हणाली. "बघितलंत ना?" आणि ती जिना चढून गेली. एक फोन अर्धा सोडून आली होती.

त्या रात्री ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून माझं काम तिथे आणि तुमचं तुमच्याकडे." भांडण त्याला परवडलं असतं. ती भांडलीच नाही.

सोमवारी संध्याकाळी वरच्या ताईंचा नवरा जिन्यात भेटला. तो घरोघरी विजेचे मीटर वाचायचा.

"आमची मंडळी आजपासून आठला येणार," तो म्हणाला. "त्यांच्याही देशाचं घड्याळ मागे गेलं म्हणे. गंमतच आहे. सूर्य एक आणि घड्याळं छप्पन्न. जाऊ दे, आपल्याला तासभर निवांत टीव्ही."

तो शीळ घालत वर गेला. दातवाला कठड्याला धरून उभा राहिला. साहेबांचा इतके दिवस केला नव्हता इतका हेवा त्याला या मीटरवाल्याचा वाटला. बायको तासभर उशिरा येणार आणि हा माणूस शीळ घालतो.

घरी येऊन त्याने जेवण गरम केलं, ताटं मांडली. आठला जिन्यात दोघींचं हसणं ऐकू आलं. त्याच्या दारापाशी ते थांबलं. बायको आत आली. पर्समधून एक छोटी चिठ्ठी काढून तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवली. फाटकावरच्या यंत्राची चिठ्ठी होती. आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ.

"हे काय?"

"पहारेकऱ्याकडे मागितली. रोज देणार आहे तो."

"अगं, मला कळलं आता. वरच्या ताईपण आज आठलाच..."

"त्या उशिरा आल्या म्हणून कळलं तुम्हाला," ती म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा नाही."

"उद्यापासून नको आणूस," एवढंच तो पुटपुटला.

"असू दे. मार्चमध्ये घड्याळ परत पुढे जाईल. मग मी सातला यायला लागेन. तेव्हा लवकर का आलीस म्हणून विचाराल."

पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठी उडायला लागली. तिने तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि त्याला वाढायला घेतलं.