लांब होतो, गोल झालो

मित्रांनो, आदिस अबाबातलं हे जुनं गोल टेबल म्हणजे मी. जन्मलो तेव्हा मात्र मी चांगला लांबरुंद होतो. देसालेन सुतारांनी मला डोंगरातल्या लाकडातून घडवलं. आफ्रिकेतले देश तेव्हा एकेक करून स्वतंत्र होत होते. त्यांचे नेते इथे भेटायचे, माझ्यावर कोपर टेकून सीमा, रेल्वे, दुष्काळ असं कायकाय बोलायचे. कुणी म्हणायचं, "काय चकाकतंय!" मी फुलून जायचो.

मग एके वर्षी दोन शेजारी देशांचे अध्यक्ष आले. एका नदीवरून त्यांची पाच महिने लढाई चालली होती. पण ते माझ्यापाशी बसेनात.

"खिडकीकडचं टोक मानाचं. तिथे आमचे साहेब बसणार," एका बाजूचे अधिकारी म्हणाले.

"आणि आमच्या साहेबांनी काय दारात बसायचं?" दुसरे कडाडले.

यात दोन दिवस गेले. तिकडे तोफा थांबल्या नव्हत्या. कॉफी देणाऱ्या वुबालेममावशी शेवटी वैतागल्या. "लग्नात नवऱ्याकडचेसुद्धा इतके रुसत नाहीत! अहो देसालेन, टोकंच कापून टाका ना याची."

यजमानांना ते पटलं. देसालेन करवत घेऊन आले आणि माझ्यावरून हात फिरवत राहिले. "मीच घडवलं, आता मीच कापू होय?"

"लाकूडच आहे ते," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "तिकडे माणसं मरतायत."

संध्याकाळपर्यंत माझं निम्मं अंग जमिनीवर पडलं होतं. फार दुखलं, मित्रांनो. पण आता मला टोकच नव्हतं. कुणी कुठेही बसा!

दुसऱ्या दिवशी दोघे बसले. तासभर दोघे आपापले कागद चाळत राहिले. मावशींनी कॉफी दिली, पुन्हा दिली. दुसरा कप संपताच एक अध्यक्ष उठू लागले.

"बसा हो बाबा," मावशी म्हणाल्या. "तिसरा कप आशीर्वादाचा. तो टाकून आमच्याकडे कुणी उठत नाही."

ते परत बसले. समोरचे अध्यक्ष हसले. "माझी आई अस्संच दटावते."

"माझीही दटावायची," उठायला निघालेले म्हणाले. "आमचं घर त्या नदीकाठीच होतं."

"कुठल्या काठावर?"

मग नदीचा नकाशा माझ्यावर पसरला गेला. बोलणी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी सह्या झाल्या. पाणी दोघांचं, कैदी आपापल्या घरी. वर्तमानपत्रांतल्या फोटोत फक्त दोघांचे मिळवलेले हात दिसत होते, मी नव्हतो.

पुढे मोठं सभागृह झालं, माइकवाली टेबलं आली. मी अनेक वर्षं कोठीत धूळ खात पडलो. आता दुभाष्यांच्या खोलीत आहे. दुपारी पाच-सहा जण माझ्याभोवती एकाच ताटात इंजेरा, म्हणजे आमची डोशासारखी भाकरी, खातात, एकमेकांच्या भाषेची थट्टा करतात. रश्शाचे डाग पडतात, पडू देत. मी मजेत आहे.

मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या घरात, शाळेत एखादं जुनं टेबल असेल, तर त्याचा डुगडुगणारा पाय दुरुस्त करा. भांडायला उभं राहिलं तरी चालतं. बोलायचं तर बसावं लागतं.